आधीच भरतो, सर

टेबलावर बिस्किटांचा जुना डबा.
झाकणाला चीर, चिरेखाली हेडबाईंचं वळणदार अक्षर:
इंग्रजी सोडून एक वाक्य, एक रुपया.

अकरा वर्षं हा डबा
मी वर्गात नेतो, वर्गातून आणतो,
खडू नेतो-आणतो तसा.

आज धडा होता मुळांचा.
फळ्यावर मी रताळं काढलं,
ते उंदरासारखं झालं, शेपटीसकट,
आणि कुणी हसलं नाही.
नववी ब, तुम्ही हसायलासुद्धा
आधी भाषा शोधत होता.

पुस्तकातला प्रश्न मी पुस्तकासारखाच विचारला:
शेतकरी मधून मधून रताळ्याचा वेल उचलून ठेवतात, ते का?
बावन्न जण. बावन्न खाली घातलेल्या माना.
पंखा तेवढा काहीतरी बोलत होता.

मग बेकिनकेऱ्याची सुविधा गावडे उठली,
जिची एसटी रोज दहा मिनिटं उशिरा येते,
जिच्या बुटांवर लाल माती वाळलेली असते.
सरळ टेबलापाशी आली,
कंपासपेटीतून नाणं काढलं,
चिरेतून आत सोडलं.
"आधीच भरतो, सर," म्हणाली.
"ह्याचाच एक झाला गं," पुढच्या बाकावरून कुणीतरी.
तिनं दुसरं नाणं काढलं.
मग तिसरं. मग हिशोब सोडून दिला.

"वेल भुईवर पसरलंय न्हवं, सर,
पेरापेराला मुळं सोडतंय ते.
सोडू दिलं तर पाला माजतंय,
खाली रताळं पोसत न्हाई.
म्हणून मी आईसंगट जातो,
वेल उचलतो, पालथं घालतो.
हळू उचलायचं की. मोडतंय."

आता मात्र वर्ग हसला.
मुळांना नाही, वेलाला नाही,
'जातो'ला हसला.
मुलगी असून जातो!
मराठीच्या तासाला 'जाते' लिहून मार्क घेतलेली पोरं
आपापल्या घरातल्या आयांना हसली.

मी हसलो नाही, असं मला इथं लिहायचं होतं.
खरं असं की ओठ हलले.

माझीही आई 'येतो' म्हणायची, उंबऱ्यात,
पदर खोचत, पिशवी खांद्याला लावत.
बीएडला पुण्यात एक वर्ष काढून आलो
आणि मी तिला दुरुस्त केलं.
बाई 'येते' म्हणतात, आई.
बरं, म्हणाली.
त्यानंतर ती बाहेर जाताना
काहीच म्हणायची नाही.

सुविधा, पुन्हा सांग, मी म्हणालो.
मराठीत म्हणालो, म्हणजे माझाही एक रुपया.
'जातो'पासून सांग.

तिनं सांगितलं.
या वेळी ईरण्णा मध्येच उठला,
"हौद्री सर, आमची अज्जी पण असंच करती,
गेणसू म्हणतो आम्ही त्याला,"
अर्धं त्याच्या घरचं, अर्धं शेजारच्या गल्लीतलं.
मग खिसे वाजले, कंपासपेट्या वाजल्या,
कुणी दोन रुपये उधार मागितले,
कुणी म्हणालं, माझ्या आजोळी त्या पाल्याची भाजी करतात,
कुणी म्हणालं, छट्, ती म्हशीला घालतात,
आणि फळ्यावरच्या उंदराला कुणीतरी
शेवटी एकदाचं उंदीर म्हटलं.

धडा पूर्ण झाला नाही.

शनिवारी हेडबाईंनी डबा उचलला आणि वजनानं दचकल्या.
एवढे?
मी म्हणालो, मुळांचा धडा आहे, मॅडम. लांबतो.
सोमवारी डब्याचं काय होईल, माझं काय होईल,
ते सोमवारी बघू.

पण यल्लेश, शेवटच्या बाकावरच्या,
तुला हसताना मी पाहिलं नाही, बोलताना तर नाहीच.
सगळा तास तुझी मूठ खिशात होती.
तुला काहीतरी माहीत आहे,
वेलाबद्दल नसेल, दुसऱ्या कशाबद्दल असेल.
मी फळ्याकडे तोंड करून लिहितो तेव्हा
तू ते नाणं बोटांत फिरवतोस.
मला ऐकू येतं.